सुदेशची हाक

"अहो, थांबा ना! बस नाही चालवत आहात तुम्ही," सुदेश खालून ओरडली.

बिधीचंद वळणावर कमरेवर हात ठेवून थांबला. "बस असती तर केव्हाच तुला टाकून गेलो असतो, भाग्यवान. सवारीनं वेळेवर यायला नको?"

सुदेश हसली आणि ओढणीनं घाम पुसायचं निमित्त करून तिनं डोळे पुसले. हिवाळ्यानंतर नवरा आज पहिल्यांदा तिची थट्टा करत होता.

सारा जन्म त्यानं कांगड्याच्या घाटरस्त्यांवर सरकारी बस चालवली. हिवाळ्यात डोळे तपासले, तेव्हा उजव्या डोळ्याची नजर गेलेली निघाली आणि त्याला घरी बसवलं. तेव्हापासून तो अंगणातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचा. खालच्या रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला की उठून आत जायचा. ताटातलं जेवण तसंच राहायचं. एका सकाळी तो तिला ओढ्यावरच्या कड्याशी उभा दिसला, अगदी काठावर. "इथं काय करताय?" तिनं विचारलं. "काही नाही," तो म्हणाला. त्या 'काही नाही'ची तिनं अशी धास्ती घेतली की झोपेतसुद्धा तिचा हात त्याची खाट चाचपायचा.

मग तिनंच हट्ट धरला. "लग्न होऊन आले तेव्हापासून चुलीपुढे बसून ती धार बघतेय. अख्ख्या जिल्ह्याला फिरवलंत, मला कुठं नेलंत?" धार म्हणजे गावामागचा उंच डोंगरमाथा. वर देवीचं ठाणं आहे. सकाळी निघालेली माणसं संध्याकाळी घरी येतात.

वाटेतल्या शेवटच्या चहावाल्यानं बजावलं होतं, "उस्तादजी, दुपार व्हायच्या आत उतरायला लागा. जूनचं ऊन म्हणजे जावयाचं हसू, कधी फिरेल नेम नाही."

"अरे, धुक्यात बस हाकलीय मी. हे तर माझे स्वतःचे पाय आहेत."

ते चढून जाईपर्यंत धुकं दोनदा आलं आणि गेलं. देवीला नमस्कार करून दोघं गवतावर बसले. बिधीचंदनं घरून तळून आणलेले स्वतःचे बबरू संपवले, तिच्या वाट्यातलाही एक उचलला, आणि लोणच्याचं बोट चाटत खाली दाखवू लागला.

"ते बघ, चिलाच्या झाडांमधलं वळण. तिथं एकदा ब्रेक गेले होते माझे. आणि ती पांढरी रेघ, तो बैजनाथचा रस्ता. दिसला?"

खाली सगळं धुरकट होतं. तो आठवणीनंच बोट फिरवत होता.

"दिसला," सुदेश म्हणाली. "ब्रेक गेले, मग?"

मागच्या शिखरांवरून काळा ढग उतरताना तिला दिसत होता. निघायला हवं, हे कळत होतं. पण इतक्या महिन्यांनी तोंड उघडलेल्या माणसाला मध्येच ऊठ कसं म्हणायचं? एवढी गोष्ट संपू दे, एवढी संपू दे, असं करत ती बसून राहिली.

माथ्यावरून जेमतेम उतरले तोच गारा सुरू झाल्या. वाट पांढरी झाली, पायाखाली नुसत्या गोट्याच. "माझ्या मागून या," असं ती म्हणेपर्यंत बिधीचंदचा उजवा पाय हवेत पडला होता. त्या बाजूची कड त्याला दिसलीच नाही. तो खालच्या दगडांवर आदळला, तेव्हा पायाचं हाड मोडल्याचा आवाज तिला गारांच्या माऱ्यातही ऐकू आला.

तिनं त्याला बगलेत धरून एका पुढे झुकलेल्या खडकाखाली ओढून आणलं. दोघं चिंब भिजलेले. फोनला रेंज नव्हती. त्याचे ओठ निळे पडत होते.

"खाली गद्द्यांचा डेरा लागला होता ना सकाळी, मेंढ्या होत्या बघ," तो म्हणाला. "तिथं जा."

"तुम्हाला सोडून?"

"मग काय दोघं बसून गारा वेचायच्या?"

तिनं आपली शाल त्याच्या छातीशी खोचली. "इथून हलायचं नाही. माझी शपथ आहे."

"कुठं जातोय मी? एक चाक गॅरेजमध्ये लागलंय."

ती निघाली. गारा थांबल्या, पण धुकं असं दाटलं की स्वतःची चप्पल दिसेना. वाट सुटली. ती नुसती उताराच्या अंदाजानं उतरत राहिली, हाका मारत राहिली. "अरे, कुणी आहे का? वाचवा रे! कुणी आहे का?" एकदा पाय सटकून ती झुडपापर्यंत घसरत गेली, तेव्हा तिच्या तोंडून अशी किंकाळी फुटली की तिचीच तिला भीती वाटली. उठून पुन्हा हाका. घसा बसला तरी हाका. शेवटी खालून कुत्रं भुंकलं.

गोखू नावाचा गद्दी मेंढपाळ आणि त्याचा भाऊ, दोघं घोंगडी घेऊन तिच्याबरोबर निघाले. ते खडकापाशी पोचले तेव्हा ढग फुटून उतरतीचं ऊन पडलं होतं.

खडकाखाली कुणी नव्हतं.

सुदेशला ओढ्यावरचा तो कडा आठवला. ती धावत वाटेच्या काठाशी गेली आणि ओणवी होऊन दरीत बघू लागली. "काय केलंत हो? काय केलंत?" गोखूनं तिचा दंड घट्ट धरला.

"बोबो!" गोखूच्या भावानं उताराच्या बाजूनं हाक दिली. "ताई, इकडे! इकडे या!"

बिधीचंद वाट सोडून बऱ्याच खालच्या गवतात पालथा पडला होता. मागे, वितळत्या गारांमधून खडकापासून थेट तिथवर, त्याच्या सरपटण्याचा पट्टा उमटला होता. तिनं त्याला उताणं केलं. त्यानं डोळे उघडले.

"कुठं लागलं तुला?"

"मला?"

"ओरडलीस ना... केवढ्यानं ओरडलीस." त्याला धाप लागत होती. "येतच होतो मी."

"कुठं नाही लागलं," सुदेश म्हणाली. "बघा, धड आहे मी. धड आहे."

"बरं," तो म्हणाला.

दोघा भावांनी त्याला घोंगडीत घालून उचललं. ती शेजारून चालत बोलत राहिली. बैजनाथच्या रस्त्याचं विचारलं, ब्रेक गेल्यावर बस कशी थांबवली ते विचारलं. आधी तो हुंकार देत होता, मग तेही थांबले. डेऱ्याच्या अलीकडच्या ओहोळाशी गोखू थांबला, त्यानं घोंगडी खाली ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढली.

गोखूचा भाऊ म्हणाला, "बोबो, अंधाराच्या आत खाली न्यायला हवं."

"थांबा," सुदेश म्हणाली.

त्याच्या दोन्ही तळव्यांची सालटं निघाली होती, नखांत माती आणि गवत भरलं होतं. तिनं ओढणीचं टोक ओहोळात बुडवलं, त्याचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट पुसायला सुरुवात केली. पाणी बर्फासारखं होतं. ती आधी टोक मुठीत धरून ऊब देत होती, मगच त्याच्या हाताला लावत होती.