डावीकडचा मी, उजवीकडचा तो

मित्रांनो, जरा जवळ या, नाहीतर मी दिसायचो नाही. मी एक जुना रेझिस्टर. तांदळाच्या दाण्याएवढं अंग, दोन टोकांना तारेचे दोन पाय आणि सध्या मुक्काम स्क्रूंच्या डब्याच्या झाकणात.

विजेला थोपवणं हे माझं काम. पूर्ण थोपवायचं नाही. दारावरच्या पहारेकऱ्यासारखं "ढकलाढकली नको, सावकाश या" एवढंच म्हणायचं. किती थोपवायचं ते माझ्या पोटावरच्या पट्ट्यांवरून कळतं. तपकिरी म्हणजे एक, लाल म्हणजे दोन. पहिले दोन पट्टे आकडे, तिसरा सांगतो पुढे शून्यं किती. माझे पट्टे लाल, लाल, तपकिरी. म्हणजे दोनशे वीस. शेपटीला एक सोनेरी पट्टा होता, माझं डोकं कुठलं ते वाचणाऱ्याला कळावं म्हणून.

मला आणि माझ्या जुळ्या भावाला एकाच टेपरेकॉर्डरमध्ये बसवलं. मी डाव्या स्पीकरच्या वाटेवर, तो उजव्या. हा टेप दुरुस्तीवाल्या बाबांचा. नवा होता तेव्हा बाबांनी तो चालतो का बघायला आईंशी गप्पा मारत एक कॅसेट भरली. डाव्या माइकसमोर आई, उजव्यासमोर बाबा. पाहुणे आले की कॅसेट लागायची आणि सगळे म्हणायचे, आवाज कसा समोर बसून बोलल्यासारखा येतो. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढे आई वारल्या. बाबा टेप रोज पुसायचे. एकदा त्यांच्याच फडक्याने स्पीकरच्या उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या, वीज माझ्या अंगावरून धावत सुटली आणि मी जळालो. सोनेरी पट्ट्याची तर काजळीच झाली.

तेव्हापासून डावा स्पीकर मुका. कॅसेट लावली की फक्त बाबा ऐकू यायचे. "हं." मग बराच वेळ काही नाही. "बरं." पुन्हा काही नाही. "नंतर बघू." बाबा समोर बसून स्वतःचंच हं-हं ऐकत राहायचे. शेवटी टेप उचलून ते आपल्या मुलांच्या दुरुस्तीच्या दुकानात आले.

"ती काय सांगत होती आणि मी कशाला 'नंतर बघू' म्हणालो, तेवढं ऐकायचंय मला," ते म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले.

दुकान दोन भावांचं. मधे एकच टेबल, अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा, तोंडं समोरासमोर. बाबांनी लावलेली शिस्त अशी, की चालत्या भागाला हात लावायचा नाही. म्हणून थोरल्याने आधी उजव्या बाजूवर कागद चिकटवला आणि त्यावर लिहिलं, 'चालू'. कागदाखाली माझा भाऊ झाकला गेला.

मग मला बाहेर काढून टेबलाच्या मधोमध ठेवलं. मी आतून तुटलो होतो, त्यामुळे मीटर काही बोलेना. राहिले पट्टे. थोरल्याने आपल्या बाजूने वाचले: तपकिरी, लाल, लाल. बाराशे. धाकट्याने आपल्या बाजूने वाचले: दोनशे वीस. थोरला म्हणाला, तू लहानपणापासून उलटाच. धाकट्याने विचारलं की सरळ कोण, हे ठरवलं कुणी. मला गोल फिरवून बघावं, हे दोघांनाही सुचलं नाही.

वयाचा मान ठेवून बाराशेचा बसवला आणि मला स्क्रूंच्या डब्याच्या झाकणात टाकलं. आईंची कॅसेट लावली, तर डावीकडून नुसती खरखर. धाकटा म्हणाला, मागे घेऊन पुन्हा ऐकू. बसल्या जागेवरून त्याने हात लांब केला आणि मागे नेणारी कळ दाबली. निदान त्याला तसं वाटलं. पण टेपचं तोंड थोरल्याकडे होतं, याच्या बाजूने सगळ्या कळा उलट्या. दाबली गेली ती लाल ठिपक्याची, आवाज भरायची. दोन्ही स्पीकर गप्प झाले.

"बघ, तुझ्या बाराशेने उरलेलंही घालवलं," धाकटा म्हणाला. मग जे भांडण लागलं, त्यात शाळेतल्या फुटक्या पाटीपासून लग्नातल्या बुटांपर्यंत सगळं निघालं. कॅसेट शांतपणे फिरत होती. मी झाकणातून ती लाल कळ बघत होतो, पण मला तोंड कुठे होतं?

अखेर बाबा उठले आणि त्यांनी 'चालू'चा कागद सोलून काढला.

"याचा भाऊ इथे धडधाकट बसलाय. त्याला विचारलंत?"

माझ्या भावाचे चारही पट्टे लख्ख होते. लाल, लाल, तपकिरी, सोनेरी. धाकट्याने टेप बंद केला, दोनशे वीसचा नवा रेझिस्टर बसला, कॅसेट मागे घेऊन लावली. दोन्ही स्पीकर खणखणीत बोलू लागले. पाटी, बूट, बाराशे. आईंच्या गप्पांवर दोघांचं भांडणच भरलं गेलं होतं. शेवटी बाबांचाच आवाज: "त्याला विचारलंत?" मग कट्ट.

आणि डावीकडून आई म्हणाल्या, "ऐकताय ना?"

उजवीकडून बाबा म्हणाले, "हं."

कॅसेट संपली.

बाबा टेपकडे बघत हळूच म्हणाले, "ऐकतोय गं."

आता थोरल्याची खुर्ची धाकट्याच्या शेजारी आलीय. कोपरं लागतात म्हणून दोघं रोज कुरकुरतात, पण वाचतात एकाच बाजूने.

मित्रांनो, माझ्यासारखं कुणी पुसट झालं, तर तावातावाने अंदाज बांधू नका. आधी त्याला फिरवून बघा, त्याच्या भावाला विचारा. आणि घरात कुणी तुम्हाला काही सांगत असलं, तर नुसतं हं म्हणू नका. ते काय सांगत होते, हे सांगायला नंतर आमच्यापैकी कुणी शिल्लक असेलच असं नाही.