समोरच्या रांगेतले दोन पास

मंत्र्याने पाठवलेले दोन पास दादांनी कचऱ्याच्या डब्यात टाकले होते. वहिनींनी ते बाहेर काढले, पदराने पुसले, टेबलावर ठेवले आणि दादांकडे बघून तळहात हळूहळू वर नेला. या खुणेचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. सावकाश वर. म्हणजे, उठा आता, आणि आदळआपट नको.

दादांना ऐकू येत नाही. पोलादाच्या कारखान्यात, तेही भट्टीजवळ, एकतीस वर्षं काढल्यावर कान शाबूत राहिले असते तरच नवल. तिथे कानाला तोंड लावून ओरडलं तरी काही कळत नाही, म्हणून सगळं बोलणं हातांनी चालतं. दादांची तर नोकरीच हातांची. वर छताला लागून क्रेनचा पिंजरा, त्यात चालक, आणि खाली इशारेवाले दादा. चालकाला खालचं धड दिसत नाही. वितळलेल्या लोखंडाने भरलेली घराएवढी बादली कुठे न्यायची, किती उचलायची, कुठे टेकवायची, हे दादांचे हात सांगणार. तेही उलट्या पावली चालत. भरल्या बादलीकडे पाठ करायची नाही हा तिथला पहिला नियम, त्यामुळे इशारेवाला कायम मागे मागे सरकतो, आणि मागची जमीन त्याच्या टाचांना पाठ असते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ही खोड गेली नव्हती. चहाचा कप घेऊन दादा स्वयंपाकघरातून उलटेच बाहेर यायचे.

"माणसाला डोळे पुढे असतात हो," वहिनी म्हणायच्या. दादा त्यांच्या ओठांवरून ते वाचायचे आणि तसेच पुढे, म्हणजे मागे, चालू लागायचे.

तर हे पास. ते पाठवणारा उद्योगमंत्री म्हणजे कोणी परका नव्हता. त्याला कारखान्यात सगळे पोपट म्हणत, कारण वयाच्या बाविसाव्या वर्षी तो त्या पिंजऱ्यात जाऊन बसला आणि अठरा वर्षं खाली उतरला नाही. मग कामगारांचा पुढारी झाला, मग आमदार, मग मंत्री. आता त्याचंच सरकार कारखाना बंद करायला निघालं होतं, आणि विधानसभेत ठराव मांडणार होता खुद्द पोपट. फाटकाबाहेर त्याच्या नावाने शिव्यांची लाखोली चालली होती. ज्या पिंजऱ्यात तो बसायचा, त्यात आता दादांची लेक बसत होती. ठराव आज मंजूर झाला तर शनिवारी भट्टी विझणार होती.

"मला त्याचं तोंड बघायचं नाही," दादा म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या सवयीने ते इतक्या मोठ्याने बोलले की शेजारणीने खिडकी उघडली.

"मग हात बघा," वहिनी म्हणाल्या. "आयुष्यभर तेच केलंत की."

सभागृहाची गॅलरी अर्धगोल होती आणि पास अगदी पहिल्या रांगेतले, मंत्र्यांच्या बाकासमोर. दारावर पाटी होती: प्रेक्षकांनी कोणत्याही प्रकारचा आवाज करू नये. वहिनींनी ती वाचली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बोट दाखवून दम दिला. दादांनी ओठ घट्ट मिटले. मागच्या रांगांत कारखान्यातले वीसेक जण बसले होते. दादांना पहिल्या रांगेत बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

चर्चा सुरू झाली. दादांना एक शब्द ऐकू येत नव्हता, पण इतके हात हलत असताना त्यांची काही अडचण झाली नाही. एक लठ्ठ सभासद टेबलावर मूठ आपटत होते, भट्टीच्या भाषेत त्याचा अर्थ हूक रिकामा आहे असा होतो. दुसऱ्या एकाने दोन्ही हात हवेत गोल फिरवले. त्याचं ऐकलं असतं तर क्रेन भिंतीतून बाहेर गेली असती. मागच्या रांगांत खांदे हलू लागले. पाटीवर हसू नये असं कुठे लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांनी आवाज मात्र काढला नाही.

विरोधी पक्षाच्या बाई उभ्या राहिल्या तेव्हा दादा सरसावून बसले. बारीक अंगाच्या, चष्मा लावणाऱ्या, आणि हात पाठीमागे बांधलेले. वहिनींनी त्यांचं बोलणं भराभर खुणांनी सांगितलं. बाई म्हणत होत्या, तोट्याचे आकडे खरे आहेत, मी नाकारत नाही. छप्पर जुनं झालंय हेही खरं. पण दुरुस्ती करायची तर भट्टी चालू ठेवून करता येते, हे मंत्र्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण त्यांनी ती करताना पाहिली आहे. बाई एवढंच बोलून बसल्या. दादांना हे भाषण फार आवडलं. वजन जागेवर ठेवलं आणि हूक सोडवून घेतला.

मग पोपट उठला.

दादांनी ठरवलं होतं की बघायचं नाही. पण नजर गेलीच. डोक्यावरचे केस विरळ झाले होते, कोट चांगला शिवलेला होता, तरी उभं राहण्याची ढब तीच, पाय फाकवून, जणू खालची जमीन कधीही हलेल. आणि दादांच्या मनात राग होता तिथेच, त्याच्या अगदी शेजारी, जुनं कौतुक उभं राहिलं. काय चालक होता हा! भरलेली बादली अशी टेकवायचा की वरची लाट हलायची नाही. एकदा पैज म्हणून त्याने हुकाने टेबलावरचा चष्मा उचलून दादांच्या हातात दिला होता. तसा हात पुन्हा झाला नाही. लेकीचा चांगला आहे, पण तसा नाही, हे दादांनी लेकीलाही सांगितलं होतं.

दादा जिवंत होते तेही त्याच्याचमुळे. तिथे सगळे इशारे फक्त इशारेवाल्यानेच द्यायचे असतात. एक सोडून. दोन्ही हात आडवे पसरून तळवे जमिनीकडे केले की त्याचा अर्थ थांब, आणि हा इशारा कोणीही द्यावा, अगदी नव्याने लागलेल्या माणसानेही. चालकाने तो दिसताच जागच्या जागी थांबायचं, कोणी दिला ते बघायचं नाही. आणि थांबवणाऱ्याला रागवायचं नाही, आधी विचारायचं, का थांबवलंस. एका दुपारी झाडू मारणाऱ्या बाईने असे हात पसरले होते. पोपट तत्क्षणी थांबला. साखळीची एक कडी उघडली होती आणि दादा बरोबर तिच्याखाली उभे होते. नंतर पोपट शिडी उतरून खाली आला आणि त्या बाईंच्या पाया पडला.

आता तो कागद बघून वाचत होता. वहिनींचे हात चालू होते. सहा महिने बंद. त्या काळात निम्मा पगार. छप्पर, यंत्रं, सगळं नवं. पोपटचं वाचन चांगलं चाललं असावं, कारण त्याच्या बाजूची माणसं बाकं वाजवत होती. मग वहिनींनी पुढची खूण केली आणि त्यांचा हात अर्ध्यातच लटकला. भट्टी शनिवारी थंड करण्यात येईल आणि सहा महिन्यांनी पुन्हा पेटवण्यात येईल.

मागच्या वीसही जणांनी एकमेकांकडे बघितलं. चौदा वर्षं सलग पेटलेली जुनी भट्टी थंड झाली की आतल्या विटा तडकतात आणि तळाचं लोखंड दगड होऊन बसतं. ती पुन्हा पेटत नाही. तिला फक्त पाडता येतं. हे कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्यालाही माहीत होतं. सभागृहात ते माहीत असलेला माणूस एकच होता, आणि तोच हे वाचत होता.

दादा वहिनींकडे बघतच नव्हते. ते पोपटचा डावा हात बघत होते.

उजव्या हातात कागद होता. डावा हात कमरेच्या जरा खाली, बाजूला गेला होता आणि बोटं हवेतच कशाभोवती तरी वळली होती. तिथे काही नव्हतं. पण पिंजऱ्यात त्याच जागी ब्रेकचा दांडा असतो. अठरा वर्षं काचेतून दादांनी तो हात पाहिला होता. पोपटला उचललेल्या वजनाची खात्री नसली की तो कधी तोंडाने बोलायचा नाही, आपल्याच तोऱ्यात असायचा. हात मात्र ब्रेककडे जायचा. आणि तो गेला की खालच्याने ओळखायचं.

दादा उभे राहिले. वहिनींनी त्यांचा सदरा ओढला, तो फाटेल की काय असा ओढला, पण दादांनी दोन्ही हात आडवे पसरले आणि तळवे जमिनीकडे केले.

पोपट थांबला.

वाक्याच्या मधे, शब्दाच्या मधे, तोंड तसंच उघडं ठेवून थांबला. इतका अचानक की त्याच्या बाजूच्या मंत्र्याला वाटलं, याला झटका आला. मंत्री म्हणून पोपटने असं थांबायला नको होतं. पण त्या क्षणी तो मंत्री नव्हता. सगळ्यांनी त्याच्या नजरेमागे वर पाहिलं. गॅलरीत एक म्हातारा हात पसरून उभा होता आणि त्याचे हात जराही थरथरत नव्हते.

"प्रेक्षकाला बाहेर काढा!" सभापती म्हणाले.

"सभापती महोदय," विरोधी बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "पाटीवर आवाज करू नये असं लिहिलं आहे. त्यांनी केला का?"

दोन रखवालदार आले आणि त्यांनी दादांना दंडाला धरलं. एक हात गेला. उरलेल्या हाताने दादांनी स्वतःच्या डोक्यावर थाप मारली आणि बोट खाली दाखवलं. मग दुसरा हातही गेला.

"त्यांना जरा थांबवा," पोपट म्हणाला. "ते काय म्हणाले ते मी सांगतो. ही आमच्याकडची खूण आहे. ओझ्याखाली माणूस आहे." त्याने कागदाकडे बघितलं. "पुढचं वाक्य मी वाचणार नाही. ते खोटं आहे. थंड झालेली ही भट्टी पुन्हा पेटत नाही. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी वाचत होतो. ठराव मी मागे घेतो."

नंतर जो गदारोळ झाला तो दादांना ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि दिसलाही नाही. ते बाहेर व्हरांड्यात एका बाकावर बसून होते. रखवालदाराने त्यांना पाणी दिलं. आपण काय करून बसलो? पोरगा मंत्री होता, आता राहील का? कारखाना तरी वाचला का? एकशे चाळीस टनांची बादली हवेत थांबवताना ते कधी घाबरले नव्हते, आता मात्र हात मांडीखाली दाबून बसले होते.

वहिनी धावत बाहेर आल्या. धाप लागलेली, पण हात बोलत होते. भट्टी चालू. समिती नेमली. विरोधी बाई अध्यक्ष. तोवर विझवायची नाही. आणि शेवटची खूण त्यांनी केलीच नाही, नुसतं मागे बोट दाखवलं. मागून पोपट येत होता. एकटा. सोबतची माणसं, सचिव, सुरक्षारक्षक, कोणी नाही. हातातली पिशवीही त्यानेच धरली होती.

तो दादांसमोर उभा राहिला आणि त्याने ओठ नीट हलवत, सावकाश विचारलं, जसं विचारायचं असतं तसं. "दादा, का थांबवलंत?"

"तुझा डावा हात," दादा म्हणाले. अख्खा व्हरांडा दणाणला. "ब्रेकवर गेला होता."

पोपटने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. त्याला स्वतःला ते कळलं नव्हतं.

"खुर्ची गेली तुझी," दादा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "एक सांग. मला पास का पाठवलेस? तेही समोरचेच?"

"माहीत नाही." पोपटने तोंडावरून हात फिरवला. "इतकं जड कधी उचललं नव्हतं, दादा. खाली तुम्ही असलेले बरे, एवढंच वाटलं."

वहिनींनी पदर तोंडाला लावला.

ते तिघं मोठ्या दरवाजाशी आले. बाहेर चाळीसेक दगडी पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर कॅमेरे, माईक, पोपटच्या पक्षाची चिडलेली माणसं, कारखान्याची ओरडणारी माणसं, सगळं एकात एक. पोपट पहिल्या पायरीवर थबकला. भाषणं करून करून ज्याचं आयुष्य गेलं, त्याला पाऊल उचलवेना.

दादा त्याच्यापुढे गेले आणि त्याच्याकडे तोंड करून वळले. गर्दीकडे त्यांची पाठ होती. त्यांनी उजवा हात वर केला, तळवा खाली, आणि बोटं हळूहळू हलवली. सावकाश. खाली.

पोपट एक पायरी उतरला. दादा एक पायरी मागे सरकले. न बघता, टाचेने कड चाचपत. पुन्हा हात. पुन्हा एक पायरी. जरा डावीकडे, तिथे माईकची वायर होती, ती दादांच्या टाचेला आधीच कळली होती. भट्टीवरच्या वीस माणसांनी हा इशारा ओळखला आणि ओरडणं थांबवून, कामावर करायची तशी, दोन्ही बाजूंना सरकून वाट मोकळी केली. त्यांना बघून बाकीचेही सरकले.

"अहो, पडाल!" वहिनी वरून ओरडल्या.

दादांना ऐकू आलं नाही. त्यांची नजर पोपटवर होती आणि पोपटची त्यांच्या हातावर, आणि चाळीसही पायऱ्या ते तसेच उतरले.