हापशीपुढचं वळण

आमची गाडी चालवायला दोन माणसं लागत. एक बसायला आणि एक ढकलायला. बसायची मी आणि ढकलायचे आमचे हे, म्हणजे वसंता. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण गोष्ट सांगायची तर घ्यावंच लागतं, आणि इतकी वर्षं संसार केल्यावर तेवढा हक्क मला आहे.

गाडी म्हणजे पिकअप. जबलपूरच्या लिलावातली, मिलिटरीने वापरून टाकून दिलेली, पेट्रोलची. आमची संघमित्रा पोटात होती तेव्हा वसंता ती घेऊन आला. मी दारातच विचारलं होतं, "हिच्यात बसाचं का हिले पुराचं?" पण तिच्यावरच आमचं पोट चाललं. गंज, कढया, पराती अशी विकायची भांडी भरायची आणि आज कटंगीचा बाजार, उद्या खैरलांजीचा. पेट्रोल ती पाण्यासारखं प्यायची. तरी वसंता तिला कधी वाकडं बोलला नाही. मला बोलायचा, तिला नाही.

तिचा सेल्फ दुसऱ्याच वर्षी गेला. नवा सेल्फ मिळत होता, पण ज्या चाकाच्या दातांत अडकून तो इंजिन फिरवतो ते दातच झिजले होते, आणि तसं चाक कुठे मिळेना. तुमसर झालं, गोंदिया झालं, खुद्द जबलपूर झालं. शेवटी वसंताने हात टेकले, म्हणजे गाडीच्या मागच्या फळीलाच टेकले, आणि रोज सकाळी ढकलायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी तो बसला आणि मी ढकललं. गाडी जागची हलली नाही, मीच घसरून बसले. म्हणून जागा बदलल्या. त्याने मला शिकवलं: चाबी चालू, दोन नंबरचा गिअर, क्लच दाबून धरायचा. तो मागून ढकलायचा. गाडी उताराला लागली की ओरडायचा, "हौ!" आणि मी क्लच सोडायची. एक गचका बसायचा, एक खोकला यायचा आणि गाडी जिवंत व्हायची. मग हापशीपर्यंत मी ती न्यायची. पन्नास पावलं. हापशीपाशी थांबून पाय रेसवर ठेवायचा, वसंता धापा टाकत यायचा, उजवं दार उघडायचा, आणि मी डावीकडे सरकायची. हापशीपुढे वळण आहे. ते वळण मी कधी घेतलं नाही.

हापशीवर पाणी भरणाऱ्या बाया रोज म्हणायच्या, "आली आनंदी डायवर!" आनंदी हे माझं नाव. मी वरवर चिडायची. पण खरं सांगते, मला ती पन्नास पावलं फार आवडत. सकाळची भाकर, भांडीकुंडी, दिवसभर बाजारात घासाघीस करून घशाला कोरड, या सगळ्यात तेवढी पन्नास पावलं माझी स्वतःची होती. ते मोठं काळं चाक हातात आलं की मी कोणीतरी वेगळीच होत असे. हे मी वसंताला कधी सांगितलं नाही. काय सांगणार? पन्नास पावलांची हौस म्हणजे हसण्यावारीच न्यायची गोष्ट.

यंदा उन्हाळा लागता लागता वसंताला हर्निया झाला. बालाघाटला ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी बजावलं, जड उचलायचं नाही आणि गाडी तर बिलकुल ढकलायची नाही. ते ऐकून वसंताचा चेहरा असा झाला, की जणू त्याला भाकर बंद सांगितली.

संघमित्रा बालाघाटलाच एका वकिलाकडे टायपिंग करते. ती म्हणाली, "मम्मी, बेच दो ना ये खटारा. पापा की जान से बढ़कर है क्या?" पोरीचं मराठी तिसऱ्या वाक्यापर्यंत टिकत नाही, पण काळजी खरी होती. वसंता दोन दिवस गाडीच पुसत बसला. तिसऱ्या दिवशी पोटावर हात धरून कटंगीला गेला, दुलीचंद मिस्त्रीच्या गॅरेजवर. परत आला तो हसत.

"इंजिन बदलवतो," म्हणाला. "डिझेलचं टाकतो. गोंदियाच्या कबाडात जीपचं एक हाय, दुलीचंद पाहून आला. सेल्फ एकदम टंच. चाबी फिरवली का चालू. ढकलाचं कामच नाही."

"मंग टाका ना," मी म्हटलं. "वाट कोणाची पाहून राह्यले?"

तोंडभरून म्हटलं, आणि मनापासूनही. टाक्यांच्या पोटाने तो गाडी ढकलताना मला नको होता. पण नंतर पराती पुसता पुसता एकदम ध्यानात आलं. चाबी फिरवली की चालू, म्हणजे वसंता घरापासूनच चाकावर बसणार. मी घरापासूनच डावीकडे. पन्नास पावलं गेली.

माझी मलाच लाज वाटली. नवऱ्याच्या पोटाला टाके आणि बाई पावलं मोजत बसली! मी परात इतकी जोरात पुसली की वसंता म्हणाला, "तिले भोक पाडतं का?"

दुलीचंदने काम धरलं. मी दोनदा बघायला गेले, नुसती चौकशीला म्हणून. जुनं इंजिन साखळीला टांगून बाहेर काढलं होतं आणि गाडीचं पोट रिकामं होतं. डिझेलचं इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या कमानीत दोन पट्ट्या वाढवल्या. नव्या इंजिनाचं जुन्या गिअरबॉक्सशी जुळेना, म्हणून मध्ये लोखंडी प्लेट करून घातली. दुलीचंद म्हणाला, "काकी, समधी-समधी का मामला है. बीच में कोई समझदार चाहिए." व्याह्या-व्याह्यांचं प्रकरण म्हणे. परवानगीचे कागद घेऊन वसंता आरटीओत दोनदा जाऊन आला.

त्याच दिवसांत संघमित्रा घरी आली आणि तिने मला मोबाइलसमोर बसवलं. "मम्मी, हिलना मत." माझा फोटो काढला. मग प्रश्न विचारले: निळ्या गोलात वळता बाण असला तर काय, शाळेपाशी काय करायचं, रुग्णवाहिका आली तर काय. म्हटलं, हे काय गं? तर म्हणाली, "केवायसी." हल्ली गॅसला केवायसी, रेशनला केवायसी, बँकेला तर दर महिन्याला. इंजिन बदललं तर बायकोचंही लागत असेल. मी चिडून चिडून सगळी उत्तरं दिली. उत्तरं बरोबर आली की वसंता उगाचच खोकायचा.

शेवटी गाडी घरी आली. आवाज पार बदलला होता. आधी ती पुटपुटायची, आता घसा साफ करून बोलायची. ती दारात उभी राहिली की ओट्यावरचे गंज एकमेकांवर वाजायचे.

दुसऱ्या दिवशी खैरलांजीचा बाजार होता. पहिल्या फेरीला ऑइल गळतं का ते बघायला दुलीचंद सकाळीच आला होता. माल भरला, मी दाराला कुलूप लावलं आणि जाऊन बसले. कुठे? उजवीकडे. बावीस वर्षांची सवय. दोन नंबरचा गिअर टाकला, क्लच दाबला आणि वाट बघत बसले. मागून आवाज आला, "हौ!"

मी क्लच सोडला. काही झालं नाही. परत आवाज आला, "हौ!"

दुलीचंद कमरेवर हात ठेवून उभा होता. आधी त्याला कळेना, मग तो खालीच बसला, हसून हसून. "अरे काका! अरे काकी! चाबी, चाबी! सेल्फ किसके लिए लगाया मैंने?"

माझा जीव उडाला तो वेगळ्याच गोष्टीने. टाके! मी धावत मागे गेले. वसंता दोन्ही हात फळीवर टेकून उभा होता, चोरी पकडल्यासारखा.

"डॉक्टरनं का सांगतलं होतं? अक्कल हाय का नाही? उठसूट ढकलाले..."

"नुसते हात लावलो व. जोर नाही लावलो."

त्याने हात काढले आणि मला फळी दिसली. फळीवर त्याच्या तळव्यांच्या जागी रंग उडून दोन चकाकते डाग पडले होते, ते मी कितीदा पाहिले होते. त्या दोन डागांच्या मधोमध आता लाल रंगाचा मोठा 'L' होता. ताजा. कडेने थोडा ओघळलेला. शिकाऊ डायव्हरच्या गाडीला असतो तसा.

"हे का होय?" मी विचारलं.

वसंताने खिशातून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद काढला. लर्निंग लायसन. त्यावर माझं नाव आणि माझा फोटो. फोटोत मी चिडलेली होते.

"केवायसी," तो म्हणाला.

मी म्हटलं, "पण तुमी चालवाले बसणार ना आता घरापासून?"

"कोण म्हणते?" त्याने नजर वळवली. "हापशीपाशी सरकताना तुयं तोंड कसं उतरते, ते मले दिसत नाही का? बावीस वर्सं पाहून राह्यलो. रोज सकाळी."

"मंग बावीस वर्सं बोलले काहून नाही?"

"तवा मधात बंद पडली असती त बाजारात उतरून कोण ढकललं असतं? तू शिकली असती आन् मी गाडीमागं पळत खैरलांजीले गेलो असतो. आता सेल्फ हाय. शंभर बार बंद पाड."

दुलीचंदने हसू आवरलं आणि उगाचच गाडीखाली वाकून ऑइल बघू लागला. मी डोळे पदराने पुसले नाहीत, पराती पुसायच्या फडक्याने पुसले, तेच हातात होतं.

वसंता डावीकडे जाऊन बसला. मी चाबी फिरवली. इंजिन लगेच लागलं. पन्नास पावलं गेली, हापशी आली, आणि मी थांबले. पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि अंगही सरकायला लागलं. पण डावीकडे जागा नव्हती. तिथे वसंता बसला होता, मांडीवर डबा घेऊन, समोर बघत.

"थांबली काहून? वळव ना."

"मले वळवता येत नाही."

"निळ्या गोलातल्या बाणाचं का उत्तर देलं होतंस, तेच कर."

हापशीवरच्या बायांनी आपापले पाण्याचे गुंड उचलून बाजूला नेले, मला वाटतं आदराने. मी चाक फिरवलं, खूपच फिरवलं. गाडी कुंपणाकडे निघाली, मी घाबरून पाय उचलले, गचका बसला आणि इंजिन बंद. मागे गंज सगळे एकदम वाजले.

वसंताने त्या क्षणी, काही विचार न करता, दार उघडलं आणि एक पाय खाली टाकला. ढकलायला.

मी त्याच्या सदऱ्याची कॉलर धरून त्याला आत ओढलं.

"बसा चुपचाप," मी म्हटलं, आणि चाबी फिरवली.