जोडीतली उजवी काठी

मी एक जुनी काठी आहे. मित्रांनो, आधाराची नव्हे आणि माराचीही नव्हे, ड्रम वाजवायची. माझ्या अंगावर एका नामांकित जॅझ ड्रमवादकाची सही आहे. पण हुरळून जाऊ नका. त्या थोर माणसाने मला कधी हातही लावलेला नाही. कारखान्यात त्याच्या सहीचा ठसा होता, तो आम्हा सगळ्यांवर सरसकट उमटवत. तिथल्या एक बाई प्रत्येक काठी फळीवर हलकेच आपटून कान देत आणि सारख्या आवाजाच्या दोघींची जोडी लावत. अशी मला माझी बहीण मिळाली.

आम्हाला हॉटेलात ड्रम वाजवणाऱ्या एका वादकांनी घेतले. लोक जेवायचे आणि हे वाजवायचे, त्यामुळे हात अगदी हलका. "कुणाचं सूप हिंदकळता कामा नये," असे ते म्हणत. म्हणून तर आम्ही इतकी वर्षे टिकलो. मी कायम उजव्या हातात, बहीण डाव्या. झांजेच्या कडेने माझ्या अंगाला खाचा पडल्या. त्यांची बोटे जिथे असत तिथले लाकूड घामाने काळवंडले आणि अंगठ्यापुरते झिजले. टाळ्या क्वचितच पडत, त्याही बहुधा केक कापणाऱ्यासाठी. तरी ते दिवस सुखाचे होते.

पुढे त्यांचे हात थरथरू लागले. काम सुटले आणि ते मुलीकडे राहायला गेले. आवराआवरीत मुलीने आम्हाला तिच्या दातांच्या डॉक्टरांना देऊन टाकले. डॉक्टरांना सहीच्या काठ्या जमवण्याचा भारी नाद. दवाखान्यात भिंतभर काचेचे कपाट, आणि आतल्या बहुतेक काठ्या ड्रमला एकदाही न लागलेल्या. त्या गोऱ्यागोमट्या मंडळींत आम्ही दोघी अगदीच मळकट दिसत होतो.

डॉक्टर मनाने चांगले. पण जित्याची खोड! डाग दिसला की त्यांचा हात शिवशिवतो. एका संध्याकाळी त्यांनी मला बारीक हत्याराने खरवडले, खाचांत आणि अंगठ्याच्या खळग्यात दात भरायचा मसाला भरला, घासून चकाचक केले. सहीला मात्र धक्का लावला नाही. "झाली की नाही नवीकोरी?" ते खूश होऊन म्हणाले. बहिणीची पाळी रविवारी होती.

त्याआधीच मुलगी आली. "डॉक्टर, बाबा सारखे काठ्या मागतायत हो. मलासुद्धा ओळखत नाहीत आता. निदान काठ्या ओळखल्या तर..." डॉक्टर स्वतः आम्हाला घेऊन तिच्या घरी गेले.

वादकांनी बहिणीला डाव्या हातात घेतले आणि त्यांची बोटे आपोआप जागच्या जागी बसली. मुलीचा चेहरा उजळला. मग त्यांनी मला उचलले. अंगठा माझ्यावरून पुढेमागे फिरला, त्याला जागा सापडेना.

"ही कुणाची?"

"बाबा, तुमचीच. ही सही बघा ना."

"सही त्याची आहे. माझं काय आहे हिच्यावर?"

डॉक्टर ओशाळले. "चूक माझी आहे. मीच साफ केली ती."

वादकांनी मला शांतपणे डॉक्टरांच्या हातात ठेवले. "ही तुमची तुम्ही न्या. माझी उजवी आली की सांगा."

मला फार वाईट वाटले, पण रागावता येईना. वादकांचे काही चुकले नव्हते.

बहीण तिथेच राहिली, मी कपाटात परत आले. मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मला नको तितके जपून झाले आहे. एवढेच सांगते, कुणाची जुनी वस्तू हाती आली तर तिच्यावरचे डाग पुसण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. परवा मुलगी दवाखान्यात आली होती. बाबा उशीवर डाव्या हाताने ताल धरतात, म्हणाली, आणि उजवा हात उघडा ठेवून रोज विचारतात, "आली का?" ती हे सांगत होती तेव्हा मी तिच्या पाठीमागेच, काचेच्या आत होते.