वीतभर खाली

बास्केटबॉलच्या संघात त्याला सगळे वाढपी म्हणत. नाव ठेवलं होतं एका जुन्या, आता निवृत्त झालेल्या खेळाडूनं, आणि ते प्रेमानंच ठेवलं होतं. चेंडू पुढे आणायचा, कोण कुठे मोकळा आहे ते हेरायचं आणि ज्याच्या त्याच्या हातात नेमका घास द्यायचा, हे त्याचं काम. कोपऱ्यातल्याला पास जरा पुढे हवा, कड्याखालच्या धिप्पाडाला डोक्यावरून हवा, एकाला तर टप्पा पडूनच हवा, हे सगळं त्याला पाठ होतं. घरी बायकोला दाराची चावी फेकली तर ती मान वर न करता झेलायची. पण पंगत उठल्यावर लोक आचाऱ्याचं नाव काढतात, फार तर यजमानाचं. वाढप्याला कोण विचारतं?

इतकी वर्षं त्याला त्याचं फारसं वाटलं नव्हतं. बास्केट करणारे त्याच्याच वयाचे होते, एकमेकांच्या लग्नात नाचलेले. मग बगळा आला.

बगळ्याला मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते. लांब पाय, लांब मान, आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून चेंडू सोडायचा तो असा, की हातातून कधी सुटला ते कळू नये. जाळी नुसती हलायची. लोक उभे राहून त्याचं नाव घ्यायचे. धाकटी लेक घरी मोज्यांचा गोळा करून कपड्यांच्या टोपलीत टाकायची, आणि टाकताना बगळ्यासारखी मान वाकडी करायची. बापासारखं काही करावं असं तिला कधी सुचलं नव्हतं. बाप करतो तरी काय, तर दुसऱ्याला देतो.

हॉलबाहेरचं मोठं पोस्टर बदललं तेव्हा मात्र त्याला ते लागलं. आधी त्यावर पाच चेहरे होते. आता एकटा बगळा, हवेत. डाव्या कडेला कुणाचं तरी एक कोपर तेवढं दिसत होतं. कोपरावरच्या पट्टीवरून वाढप्यानं ओळखलं, ते आपलंच.

त्यानं घरी सांगितलं तर बायको हसली. म्हणाली, निदान कोपर तरी आलं, माझं तर आमच्या कंपनीत नखसुद्धा कुठे लावत नाहीत. तोही हसला. पण रात्री कूस बदलताना ते कोपर त्याला टोचत राहिलं.

पहिल्यांदा झालं ते खरोखर चुकून. समोरच्यानं मधे हात घातला, म्हणून पास घाईत सुटला आणि बगळ्याच्या छातीशी जायच्या ऐवजी कमरेशी गेला. बगळ्यानं तो वाकून घेतला, सरळ झाला, चेंडू सोडला. कड्याच्या पुढच्या काठाला लागून तो बाहेर आला. सगळा हॉल हळहळला. आणि वाढप्याच्या पोटात, उन्हातून आल्यावर गार पाणी प्यावं तसं काहीतरी उतरलं.

दुसऱ्यांदा चुकून झालं नाही.

वीतभर खाली, बस्स. नेम धरून टाकणाऱ्याला चेंडू छातीशी हवा असतो. पाय रोवलेले, गुडघे तयार, चेंडू आला की वर. कमरेशी आला तर आधी वाकावं लागतं, मग उठावं लागतं, आणि तेवढ्यात लय जाते. बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. पास पोचला ना? मग वाढप्याचं काम चोख, चुकला तो बगळा. चोरी अशी, की ज्याचं गेलं त्यालाही वाटावं, आपणच कुठेतरी ठेवून विसरलो.

हळूहळू बगळ्याचे आकडे उतरले. वर्तमानपत्रांनी आधी ‘थोडा थकलेला’ म्हटलं, मग ‘एका मोसमाचा पाहुणा’. प्रशिक्षकांनी वाढप्याला बाजूला घेतलं. पोराचा करार वर्षाचाच आहे, म्हणाले, हे असंच चाललं तर पुढच्या मोसमात मला त्याला ठेवता येणार नाही. तू मोठा आहेस, जरा समजावून बघ. वाढप्यानं गंभीरपणे मान हलवली. त्या दिवशी घरी तो पोटभर जेवला.

समजावलं मात्र नाही. बगळाच सराव संपल्यावर एकटा मागे थांबायला लागला. भिंतीवर चेंडू असा मारायचा की तो मांडीशी परत यावा; वाकून घ्यायचा आणि वर येता येता सोडायचा. वाढप्याला वाटलं, बुडणारा काडीचा आधार शोधतोय, शोधू दे. पण मोसमाच्या शेवटाकडे पुन्हा जाळी हलायला लागली. खालच्या पासवरून! आता वाढप्याच्या जिवाची जी आग झाली ती आधीपेक्षा वाईट होती. बगळा तो बगळाच, चिखलात उभा केला तरी पांढरा.

शेवटच्या सामन्याच्या सकाळी बायको कामावर निघाली होती. चपला घालता घालता ती म्हणाली, “तुझे पास खाली जातात हल्ली. टीव्हीवर दिसतं.”

“हात दुखतो.”

“त्याला देतानाच दुखतो?”

तिनं टेबलावरची चावी उचलून त्याच्याकडे टाकली. “टाक परत.”

त्यानं टाकली. ती बरोबर तिच्या पसरलेल्या तळहातावर पडली.

“हात ठणठणीत आहे तुझा,” ती म्हणाली, आणि दार ओढून गेली.

सामना अटीतटीचा झाला. जिंकलं तर अंतिम फेरी, हरलं तर घरी. अगदी शेवटी संघ एका गुणानं मागे होता. प्रशिक्षकांनी खेळ थांबवून सगळ्यांना जवळ घेतलं आणि सांगितलं की चेंडू बगळ्याकडेच जाईल. हातचा एकच डाव उरला होता. वाढप्याच्या कानात मात्र अजून ते दार लागत होतं. चेंडू हातात आला तेव्हा त्यानं ठरवलं, आज एकदा नीट देऊ. मग तो जाणे आणि त्याचं नशीब.

पास काय गेला! सगळ्या मोसमात गेला नसेल असा. नेमका छातीशी, चेंडूवरच्या रेघा आडव्या, झेलताच सोडावा असा.

बगळा आधीच वाकला होता. दोन्ही हात कमरेशी, भिंतीशी घोटून घोटून पक्के केलेले. चेंडू त्याच्या खांद्याला लागला आणि रेषेबाहेर गेला.

कपडे बदलायच्या खोलीत प्रशिक्षकांनी आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं. एवढा सोन्यासारखा पास, त्यांनी विचारलं, आणि तू हात खाली घेऊन कुणाची वाट बघत होतास? बगळा म्हणाला, चुकलं सर. उद्या व्यवस्थापकांशी बोलतो, असं म्हणून ते गेले. त्याचा अर्थ तिथल्या मोज्यांनासुद्धा कळला.

एकेक करून सगळे निघाले. वाढपी घोट्याची पट्टी सोडत बसला होता. बगळा शेजारी येऊन बसला.

“दादा, हात बरा झाला का तुमचा?”

“कुठला हात?”

बगळ्यानं दाराकडे बघून आवाज खाली आणला. “मी कुणाला बोललो नाही. पास खाली यायला लागले तेव्हाच म्हटलं, मनगट गेलंय. वयानं होतं. माझ्या मामांचं झालंय, गवंडी आहेत ते. सरांना कळलं असतं तर तुम्हाला बाकावर बसवलं असतं. म्हटलं, त्यापेक्षा आपणच वाकायला शिकू.” तो ओशाळं हसला. “बरा झाला ते आधी सांगायचं ना.”

वाढप्याला आधी लाज वाटली नाही. आधी राग आला. शिव्या दिल्या असत्या, कॉलर धरली असती, तर निदान बरोबरीचा हिशेब झाला असता. हा कालचा पोरगा त्याची कीव करत होता, त्याला म्हातारा ठरवून त्याच्यासाठी वाकत होता. यातही हाच वरचढ. लाज मग आली, सावकाश, आणि आली ती बसूनच राहिली.

प्रशिक्षक त्यांच्या खोलीत चित्रफीत बघत होते. वाढपी दारातूनच म्हणाला, “सर, पास माझा चुकला.”

“हा?” त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. “हा पोरांना शिकवायला दाखवावा असा आहे.”

“आधीचे सामने लावा. त्याच्याकडे बघू नका, माझ्या हाताकडे बघा.”

त्यांनी लावले. कोपऱ्यातल्याला पुढे, धिप्पाडाला वरून, सगळ्यांना जसा हवा तसा. एकट्या बगळ्याला कमरेशी. पुन्हा कमरेशी. प्रशिक्षक स्वतः जुने खेळाडू होते. बघता बघता त्यांचा चेहरा मऊ झाला.

“कधीपासून दुखतोय रे? सांगायचं नाही का?”

वाट तयार होती. हो म्हटलं की झालं. बगळ्याचा करार वाचला असता आणि वाढप्यालाही पुष्पगुच्छ, निरोपाचा सामना, टाळ्या. कदाचित एक पोस्टरसुद्धा, अख्ख्या चेहऱ्याचं. दोन भल्या माणसांनी मायेनं रचून दिलेलं खोटं, त्याला फक्त मान हलवायची होती. त्यानं उजवा तळहात उघडून बघितला, जणू चावी अजून तिथेच असावी.

“दुखत नाही,” तो म्हणाला.

प्रशिक्षकांना पटकन उमगलं नाही. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग पडदा बंद केला. त्यांनी एवढंच सांगितलं की पोरगा राहील. तुझा करार या महिन्याखेर संपतो, तोवर रोज सकाळी यायचं आणि त्याची वाकायची सवय मोडून द्यायची. आणि का मोडायची ते त्याला तुझं तू सांगायचं.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये त्यानं सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. बगळा चेंडू कमरेवर धरून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं चेंडू दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्या ताकदीनं वाढप्याच्या गुडघ्यांवर फेकला.

वाढप्याला वाकावं लागलं. त्यानं तो कसाबसा धरला, सरळ झाला आणि परत दिला, छातीशी. बगळा सवयीनं खाली गेला, चेंडू त्याच्या दंडाला लागून घरंगळला. त्यानं जाऊन तो आणला आणि पुन्हा गुडघ्यांवर फेकला. सकाळभर तेच चाललं. वाढप्याची कंबर भरून आली, पण वर टाक असं तो म्हणाला नाही.

हॉलमधली उन्हं सरकत भिंतीशी गेली तेव्हा बगळ्याचे हात एकदाचे वर राहिले. पास छातीशी आला, त्यानं मान जराशी वाकडी केली आणि चेंडू सोडला. जाळी नुसती हलली.

काय हात दिलाय मेल्याला, वाढप्याच्या मनात आलं, आणि पोस्टरवरचं ते कोपर पुन्हा टोचलं, जिथे टोचायचं तिथेच. चेंडू परत आला, गुडघ्यांवर. तो वाकला.