सात वर्षं खाटेवर

"उठ बेटी, चल!" महाराजांनी आरोळी ठोकली आणि सात वर्षं खाटेला खिळलेली नंदाबाई खरोखरच उठून चालू लागली! गोंदियाच्या धर्मशाळेचा दिवाणखाना जयजयकारानं दणाणला. कुणी रडलं, कुणी लोटांगण घातलं. लाजेची गोष्ट अशी, की ही जत्रा नव्हती. १९५७च्या श्रावणात भरलेली ती वृद्धसेवा परिषद होती. म्हाताऱ्या माणसांची देखभाल कशी करावी हे ठरवायला डॉक्टर, वैद्य, नर्स जमले होते, आणि त्यातले निम्मे डॉक्टर टाळ्या पिटत होते.

सौंदडच्या नर्स जमुनाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. गिरणीवाले गुलाबचंद शेठ धर्मशाळेच्या दोन खोल्या म्हाताऱ्यांच्या दवाखान्याला देणार होते; घोषणा आजच व्हायची होती. म्हणून तर गुडघ्यांनी अधू झालेल्या धुरपताबाईला त्या रेल्वेनं घेऊन आल्या होत्या. पण म्हाताऱ्यांच्या परिषदेत व्यासपीठावर म्हातारं माणूस एकही नव्हतं. धुरपता खाली सतरंजीवर बसली होती.

"बुढापा तो मन का मैल है!" महाराज गरजले. "हमारी उमर एकसौ दस! न गोली, न सुई. बस हमारा तेल और हमारा मंतर!" या एकशेदहा वर्षांच्या ऋषींच्या दाढीचा कलप घामाबरोबर गळ्यावर उतरत होता. तो कुणी पाहिला नाही.

गुलाबचंद शेठ गदगदून उठले. "अब दवाखाना कायले पाहिजे? दोनों कमरे महाराज के!"

"शेठजी, आधी या बाईला तपासू तर द्या!" जमुनाबाई ओरडल्या.

"शक करनेवालों के घुटनों में कीडे पडते हैं," महाराज म्हणाले. सभा खदखदून हसली आणि शिकलेसवरलेले डॉक्टर गुपचूप आपल्या गुडघ्यांकडे पाहू लागले.

तेवढ्यात धुरपता बसल्याबसल्या सरकत पुढे निघाली. जमुनाबाईंनी हात धरला तर तिनं तो झिडकारला. "सोड वो. माये बी गुडघे सुटतीन." चार वर्षं ती भाताच्या बांधीत उतरली नव्हती. तिनं नंदाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. जमुनाबाईंना रडू फुटायचंच बाकी होतं.

पण धुरपताचं डोकं वर आलं ते वेगळ्याच चेहऱ्यानं. तिनं नंदाबाईच्या पायाची बोटं फाकवली.

"काऊन वो बाई, सात साल खाटेवर होतीस ना? मंग ह्या चिखल्या कायच्या?"

पुढच्या रांगेतल्यांनी माना उंचावल्या. भात रोवताना दिवसदिवस चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या सडतात, त्या चिखल्या. गोंदियाकडच्या शेतकऱ्याला त्या सांगाव्या लागत नाहीत.

"चाळीस साल रोवणी केली म्या. खाटेवर पडून चिखल्या होत नाईत."

जमुनाबाईंनी वाकून पाहिलं. जखमा ओल्या होत्या, टाचांच्या भेगांत चिखल अजून तसाच होता.

नंदाबाईचा बांध फुटला. "परवाच रोवणी सरली जी. महाराज म्हणले, खाटेवर पडून राय, लुगडं देतो. मी का करू?"

महाराज मागच्या दारानं सटकले. तेलाची बाटली तेवढी राहिली, एका डॉक्टरांनी ती हुंगली आणि म्हणाले, "साधं जवसाचं तेल." मघाशी टाळ्या पिटणारे हेच.

शेठजींनी मान खाली घालून दोन्ही खोल्यांच्या किल्ल्या जमुनाबाईंच्या हातात दिल्या. धुरपता मात्र रडत होती. "मले खरंच वाटलं होतं वो. आता खरं सांग, चालता येईन का?"

"पहिल्यासारखं नाही," जमुनाबाई म्हणाल्या. "पण रोज शेकलं, काठी घेतली, तर अंगणापर्यंत नक्की."

"अंगणापर्यंत बी लय झालं," धुरपतानं डोळे पुसले.

वाचकहो, एवढ्या पदव्यांना जे दिसलं नाही ते एका अडाणी म्हातारीला दिसलं. आणि तिला तर तो चमत्कार सगळ्यांपेक्षा जास्त हवा होता. तेव्हा पाया पडायचंच असेल तर खुशाल पडा, पण पडताना डोळे मिटू नका.