दहा मिनिटं पुढं

रुपराव ठवकरांच्या मैदानावरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं असे. चुकून नव्हे, मुद्दाम. कडुनिंबाच्या खालच्या फांदीला एक जुनं गजराचं घड्याळ तारेनं बांधलेलं होतं आणि त्यात सहा वाजले म्हणजे बाकीच्या नागपुरात सहाला दहा कमी. "लोकायच्या वेळेवर याल त लोकायएवढंच खेळाल," असं सर सांगत. सरांचं मनगटी घड्याळही झाडावरच्या घड्याळाशी जुळवलेलं. मुलींनी मग घरचीही घड्याळं पुढं केली. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीत जयवंता गजभियेच्या घरी तिचे वडील गिरणीचा भोंगा ऐकून भिंतीकडे बघत आणि गंभीरपणे म्हणत, "भोंगा आज बी लेट दिसते."

रुपराव कॉलेजात व्यायामाचे शिक्षक. व्हॉलीबॉल ते कामठीच्या छावणीत जवानांचा खेळ बघून शिकलेले. १९६८ साली मुलींची टीम काढा असा वरून कागद आला, तेव्हा प्राचार्यांनी तो त्यांच्या हातात देऊन आपले हात झटकले. पहिल्या साली मुली १५-२, १५-१ अशा हरल्या, आणि ते तीन पॉइंटही समोरच्यांनी लाजेखातर दिले असं लोक म्हणत.

दुसऱ्या साली सरांनी नेटच काढून टाकलं. तीन महिने मुली भिंतीवर बॉल टोलवत होत्या. सहा वाजता मुलगी मैदानावर पाठवा हे एकट्या बाप्यानं कुणाच्या दारात सांगणं काही बरं दिसत नाही, म्हणून ते सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बायकोला, कौसल्याबाईंना, बसवून घरोघरी फिरले. सर नियम सांगत, कौसल्याबाई चहा पीत आणि मुलीच्या आईला म्हणत, "मी हाव ना, तुमी काहून घाबरता?" खरं सांगायचं तर अर्धी टीम त्या चहावर उभी राहिली. होस्टेलात राहणाऱ्या पारशिवनीच्या, भिवापूरच्या मुली आल्या. जाणाऱ्या प्रत्येकीनं आपली जागा एका नव्या मुलीला शिकवल्याशिवाय कॉलेज सोडायचं नाही, अशी रीत पडली. बारा वर्षांत नऊ कप आले.

पण मैदानावर खरा धाक होता तो उशिराच्या नियमाचा. झाडावरच्या सहानंतर जी येईल ती त्या दिवशी खेळणार नाही. चुन्याच्या रेषेबाहेर उभी राहून बॉल उचलेल, तोंडातून शब्द काढणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन एकटी मैदानावर पाणी मारेल. "कारण घरी ठेवून याचं," सर म्हणत, मग ते कितीही खरं असो. दोन वर्षांपूर्वी ऐन फायनलच्या दिवशी पारशिवनीची बस बिघडली आणि गावी जाऊन परतणारी पंचफुला, नेटवरून बॉल हाणणारी त्यांची सगळ्यात जोरकस शूटर, दोन मिनिटं उशिरा पोचली. सरांनी तिला रेषेबाहेर ठेवलं. कप गेला. ती रडत रडत बॉल उचलत होती आणि घरी आल्यावर सरही जेवले नाहीत.

तर आता १९८१ सालचा नोव्हेंबर. तीस तारखेला फायनल, आपल्याच मैदानावर, आणि त्याच तारखेला रुपराव निवृत्त. लोकांना ते सांगत की एवढा कप आला की सुटलो. साफ खोटं. कपाची त्यांना काळजी होतीच, पण आत कुरतडत होतं ते दुसरंच. एक डिसेंबरला सकाळी सहा वाजता या माणसानं जायचं कुठं? मैदान कॉलेजचं, मुली कॉलेजच्या, आणि बिनकामाचा म्हातारा झाडाखाली येऊन उभा राहिलेला त्यांना स्वतःलाच चालला नसता. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

बायकोला मात्र न सांगताच काहीतरी कळलं, आणि तिनं नेमका घोळ घातला. एकोणतीस तारखेच्या संध्याकाळी सर अंघोळीला गेले असताना कौसल्याबाईंनी रेडिओच्या बातम्यांवर भिंतीवरचं घड्याळ जुळवलं, मग खुंटीपाशी ठेवलेलं मनगटीही. बारा वर्षं नवरा दहा मिनिटं आधी घराबाहेर पळत होता. शेवटच्या दिवशी तरी त्यानं निवांत चहा प्यावा, एवढाच त्या माउलीचा हेतू. आणि सकाळी हे सांगायचं त्या सपशेल विसरल्या.

सर निवांत चहा प्यायले. मैदानावर पोचले तेव्हा मनगटावर सहाला पाच कमी होते. नेहमीसारखे पाच मिनिटं आधी. पण सगळ्या मुली रेषेच्या आत रांगेत उभ्या, आणि एकही हसत नव्हती. सरांनी झाडाकडे बघितलं. सहा वाजून पाच.

"झाडावरची घडी बिघडली का वं?"

"नाही सर," जयवंता म्हणाली. ती कॅप्टन होती, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "आमी साऱ्याजणी तिच्यावरच आलो."

सरांनी मनगटाकडे बघितलं, आणि एकदम त्यांना रेडिओ, खुंटी, कौसल्याबाईंचं रात्रीचं गालातल्या गालात हसणं, सगळं लक्षात आलं. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. "कारण घरी ठेवून याचं" हा त्यांचाच नियम.

"जाऊ दे ना वं जयवंता," भिवापूरची उंच सुभद्रा कुजबुजली. "आज सरायचा आखरीचा दिवस हाय."

"पंचफुलाताईची बी आखरीचीच मॅच होती," जयवंता म्हणाली. त्या वर्षी ती नवी होती, पंचफुलाच्या शेजारी उभी राहून खेळ शिकणारी. मग तिनं चुन्याच्या रेषेकडे बोट केलं. "सर, रेषेबाहेर."

सरांना आधी राग आला, चांगला कानशिलं तापवणारा. मग लाज वाटली. आणि त्या लाजेच्या मागोमाग इतकं बरं वाटलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. शिट्टी गळ्यातून काढून त्यांनी जयवंताच्या हातात दिली आणि ते रेषेबाहेर जाऊन उभे राहिले.

आठ वाजता पंच आले. "तुमचे कोच कुठं हायेत?"

"सर आज बॉल उचलून राहिले," जयवंता म्हणाली आणि खेळाडूंच्या क्रमाची चिठ्ठी तिनं स्वतःच लिहून दिली. खुर्चीत बसलेल्या प्राचार्यांना काही उमजेना. धोतराचा सोगा सावरत बघणारे जयवंताचे वडील शेजाऱ्याला म्हणाले, "मास्तर लेट झाले. आमच्या घरच्या घडीनं मीच आधी आलो."

पहिला सेट मुलींनी घेतला, दुसरा घालवला. तिसऱ्यात, शेवटच्या सेटमध्ये, ७-१२ अशा मागं पडल्या. समोरच्या दोघीजणी सुभद्रापुढं हात वर करून भिंत घालत होत्या आणि ती पोरगी त्याच भिंतीवर बॉल आपटत होती. त्यांच्या मागं अख्खं मैदान रिकामं. सरांना ते कधीचं दिसलं होतं. बाकावर असते तर एका शब्दात काम झालं असतं. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला. जयवंतानं एकदाच, फक्त एकदाच, त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत उत्तर होतंच, आणि डोळ्यांचं काही खरं नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी नेटकडे पाठच केली.

मग फक्त आवाज. तळव्याचा, शिट्टीचा, लोकांच्या हुश्शचा. जयवंतानं टाइमआउट मागितला. तिचा आवाज आला, "सुभद्रा, मारू नको वं. त्यायच्या डोक्यावरून हळूच टाक." सरांना दिसलं त्यानंतर तीन पॉइंटांनी तिला दिसलं, पण दिसलं. रुमाल चावत त्यांनी मान हलवली. ९-१२. १२-१३. बॉल त्यांच्या पायाशी आला, त्यांनी न वळता तो मागं टाकला. १४-१३. आणि मग असा गलका उठला की वळून बघायची गरजच उरली नाही. ते तरी वळले. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपली टीम बाहेरून बघितली आणि त्यांना ती फार आवडली.

हारतुरे झाले, भाषणं झाली. सायकलचं कुलूप काढताना सरांपाशी जयवंता आली. डोळे सुजलेले.

"सर, तुमाले राग आला का?"

"आला होता. नसता आला त मी कायचा मास्तर?" ते म्हणाले. "मायं वागणं तुले कठीण गेलं असंन पोरी. पंचफुलेले बी गेलं असंन. तिले तसं मी कधी बोललो नाही."

जयवंतानं मान खाली घातली. मग म्हणाली, "उद्या सहाले या सर."

"उद्या काहून? उद्यापासून मी इथला कोणी नाही वं."

"ते मले माहीत नाही. लेट येणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी पाणी माराचं. पंचफुलाताईनं मारलं, तुमाले बी मारा लागंन. बादल्या झाडाखाली ठेवतो आमी."

 सायकलच्या सीटवर हात ठेवून सरांनी सरळ रडून घेतलं, मुलींसमोर, प्राचार्यांसमोर.

घरी कौसल्याबाई दारातच उभ्या होत्या. बातमी आधीच पोचली होती आणि चेहरा पार उतरला होता. "मायामुळं झालं ना?"

"तुयामुळंच झालं," सर म्हणाले, आणि खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं करू लागले.

"आता कायले करता? सुटले ना तुमी?"

"उद्या पाणी माराची शिक्षा हाय."

"आणि परवा?"

सर खुर्चीवरच थांबले. खरोखर विचार केला.

"परवा," ते म्हणाले, "पाच मिनिटं लेट जाईन."